राघूची वाटी आणि आपले ताट

२०२० सालच्या जानेवारीत आमच्या आत्याच्या घरातला फ्रीज उघडण्याची वेळ आमच्यावर आली. आत्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती. शेजाऱ्यांनी तिला इस्पितळात दाखल केले होते आणि घरात एकट्या राहिलेल्या राघूचे काय ते पाहावे म्हणून आम्ही दोघे रात्री तिथे पोचलो होतो. फ्रीजचा वरचा कप्पा नीट लावलेला होता. धुऊन फडक्यात गुंडाळलेली मेथी, शेवग्याचा पाला, एका डब्यात मोड आलेले मूग, दुसऱ्यात उकडलेल्या रताळ्याच्या फोडी, तिसऱ्यात डाळिंबाचे दाणे. शिवाय गाजरे, लाल भोपळ्याची एक फाक आणि दोन ढोबळ्या मिरच्या. खालच्या कप्प्यात अर्धा पाव, वाटीभर शिळा भात आणि लोणच्याची बरणी. वरचा कप्पा राघूचा होता, खालचा आत्याचा.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन आठाच्या खाली होते, बी-१२ जीवनसत्त्व जवळजवळ संपल्यासारखे होते. डॉक्टरांनी विचारले, "आजी, पालेभाज्या खाता का?" आत्या म्हणाली, "रोज ताज्या आणते." उत्तर खरे होते, म्हणून डॉक्टर बुचकळ्यात पडले आणि आम्ही खाली पाहू लागलो. नंतर आम्हांपैकी एकीने तिला विचारले, "आत्या, राघूसाठी एवढं सगळं निवडता, चिरता, तर त्यातलंच मूठभर स्वतःसाठी का नाही टाकत कढईत?" त्यावर ती म्हणाली, "अगं, त्याला कालचं चालत नाही. माझं काय, मला काहीही चालतं."

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वाक्य कानावर पडले की ते सोडवून पाहण्याची खोड आम्हांला आहे. 'त्याला चालत नाही' आणि 'मला चालतं' या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. दोन्हींत खाणारा कर्ता नाही. तो चतुर्थीत उभा आहे, म्हणजे अन्न त्याच्यापर्यंत येते आणि ते चालते किंवा चालत नाही एवढेच त्याच्याविषयी सांगता येते. मग एका चतुर्थीला 'नाही' म्हणण्याचा अधिकार का आणि दुसरीला तो का नसावा? हा लेख त्या एका प्रश्नापोटी लिहिला आहे.

हा राघू म्हणजे आपल्या आमराईतला हिरवा, लाल चोचीचा पोपट नव्हे. तो आफ्रिकन ग्रे जातीचा, राखाडी अंगाचा आणि तांबड्या शेपटीचा आहे. परदेशी निघालेल्या एका ओळखीच्या कुटुंबाने २००६ साली तो आत्याकडे सोपवला, आणि तिने त्याला राघू हेच नाव दिले, कारण पोपटाला दुसरे नाव असू शकते हे तिच्या मनातही आले नाही.

असे पक्षी पाळणाऱ्यांच्या घरांत दोन कप्प्यांची ही व्यवस्था मुळीच दुर्मिळ नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पोपट पाळणारी मंडळी आठवड्यातून एकदा बसून दहा-बारा प्रकारच्या भाज्या बारीक चिरतात, त्यांत शिजवलेली धान्ये आणि कडधान्ये मिसळतात, त्याच्या लहान लहान पुड्या करून बर्फाच्या कप्प्यात ठेवतात आणि रोज एक पुडी सोडवून पक्ष्याला देतात. आणि ही कामगिरी उरकल्यावर स्वतः पाकिटातले काहीतरी गरम करून खातात. याविषयीचा विनोदही सगळीकडे सारखाच असतो: आमच्या घरी पाहुणे आले तर त्यांना जेवू घालण्याजोगे जे काही आहे ते पोपटाचे आहे. आमचा एक तरुण सहकारी एकटा राहतो. त्याच्याकडे कॉकॅटियलची जोडी आहे. सकाळी सात वाजता तो त्यांच्यासाठी बीट किसतो आणि अकरा वाजता महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये उभ्याने वडापाव खातो. त्याला आम्ही आत्याची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला आणि मग थोडा वेळ काही बोलला नाही.

पक्ष्याच्या वाटीत ताजेच का लागते, याचे कारण लाडापेक्षा जुन्या चुकीत अधिक आहे. पिंजऱ्यातल्या पोपटाला वर्षानुवर्षे दाणे दिले गेले. सूर्यफुलाचे बी तर विशेष, कारण ते तो आवडीने खातो. या बियांत चरबी पुष्कळ, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र फारच थोडे. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्यांचे यकृत चरबीने भरते, अ जीवनसत्त्वाच्या अभावी नाक, तोंड व श्वासमार्ग यांची आतली त्वचा बिघडते आणि संसर्ग लवकर होतो. आफ्रिकन ग्रे जातीत रक्तातले कॅल्शियम उतरून झटके येण्याची प्रवृत्ती विशेष असते. म्हणून गाजर, लाल भोपळा, रताळे, शेवग्याचा पाला. म्हणून मेथी चालते पण पालक बेताने, कारण पालकातले ऑक्झलेट कॅल्शियमला अडवते. अव्होकॅडो आणि चॉकलेट विषासमान, कांदा वर्ज्य, मीठ नको. चिरलेली फळे उन्हाळ्यात दोन-तीन तासांत उचलावी लागतात, नाहीतर त्यांवर जंतू वाढतात. इतकेच काय, नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. आत्याला हे सगळे पाठ होते. तिच्या स्वयंपाकघरात पातेली होती ती पितळेची आणि स्टीलची. तिला पोषणशास्त्र कळत नव्हते असे म्हणण्याची सोय तिने ठेवली नव्हती. ते शास्त्र पिंजऱ्याच्या दारापर्यंत येऊन थांबत होते, एवढेच.

लोक अशा गोष्टींवर दोन निकाल लगेच देतात. पहिला निकाल: एकटेपणाने माणसे पक्ष्यांच्या नादी लागतात आणि भान हरपतात. दुसरा निकाल: ही खात्यापित्या वर्गाची थेरे आहेत, जिथे शेजारच्या वस्तीत मुलांना फळ दिसत नाही तिथे पक्ष्याला डाळिंब सोलून घालणे अश्लाघ्य आहे. दुसऱ्या निकालात तथ्य आहे आणि त्याने मनाला टोचलेच पाहिजे. पण त्यामुळे आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आत्याची पेन्शन पुरेशी होती. पावशेर मेथीऐवजी अर्धा किलो मेथी घेणे तिला सहज परवडत होते. भाजी घरात होती, विळी हातात होती, शेगडी पेटत होती. उणे होते ते फक्त आपल्यासाठी कढई चढवण्याचे कारण.

आणि पहिल्या निकालाविषयी म्हणायचे तर, आत्याने हे राघूकडून शिकलेले नव्हते. राघू घरात आला तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि तिची ही शिकवणी पन्नासेक वर्षे आधीच पुरी झाली होती.

आपल्या जुन्या गृहस्थधर्मात अन्न शिजले की त्यावर पहिला हक्क खाणाऱ्याचा नसे. वैश्वदेव, गोग्रास, काकबळी, दाराशी आलेला अतिथी, घरातले म्हातारे आणि लेकरे असे सगळे झाल्यावर जे उरेल ते गृहस्थाने खावे, अशी ती कल्पना. केवळ आपल्यापुरते शिजवणारा पापच खातो, असा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला विचार मराठी माणसाच्या कानावरून शतकानुशतके गेलेला आहे. या कल्पनेचा मोठेपणा आम्ही नाकारत नाही. मुलाला भरवताना 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' म्हणणारी आई त्याच कल्पनेचे सोपे रूप त्याच्या तोंडात घालत असते: एकट्याचे जेवण असे काही नसते. पण या व्यवस्थेत एक अट गृहीत होती आणि ती आपण विसरलो. गाईला जायचे, अतिथीला वाढायचे आणि आपण खायचे ते एकाच भांड्यातले असे. 'शेष' म्हणजे शिळे नव्हे. ज्या अन्नाचा पहिला वाटा दुसऱ्याला दिला त्याच ताज्या अन्नाचा शेवटचा वाटा म्हणजे शेष.

व्यवहारात हा शेवटचा वाटा घरातल्या बाईचा झाला. पंगती उठल्यावर ती बसे, तेव्हा भाजीच्या पातेल्याला रस्सा राहिलेला असे आणि फोडी संपलेल्या असत. सकाळची पोळी उरली तर रात्री तिचा कुस्करा, रात्रीचा भात उरला तर सकाळी फोडणीचा भात; आणि ही दोन्ही खास तिचीच पक्वान्ने. आपण आज ती आवडीने खातो, त्यांच्या चवीच्या आठवणी लिहितो, पण ती कोणाच्या ताटात का पडत होती हे विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या आकड्यामागे गरिबी आहे, वारंवारची बाळंतपणे आहेत, आहारातल्या लोहाचे शोषण न होण्याची कारणे आहेत. पण ज्या घरात भाजी येते त्या घरातही ती कोणापर्यंत पोचते, हे एक कारण आहेच. 'मला काहीही चालतं' हे वाक्य आपल्या आया-आज्यांनी इतक्या वेळा उच्चारले आहे की ते आता नम्रतेचे वाक्य म्हणून ऐकू येते. ते मुळात उपासमारीचे वाक्य आहे.

मग आमचा तरुण सहकारी? तो पुरुष आहे, त्याच्या घरी पंगती नाहीत, शेवटी बसण्याचा प्रश्न नाही. तरीही त्याच्या तोंडी वाक्य तेच आहे: एकट्यासाठी काय करायचं? आम्हांला वाटते, इथे भाषेकडे पाहावे. स्वतःच्या पोटाकडे पाहणाऱ्याला मराठीत 'आपलपोटा' म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरतात. दुसऱ्याला खाऊ घालणाऱ्याला मात्र 'अन्नदाता' म्हणतात आणि पुढे 'सुखी भव' असा आशीर्वाद जोडतात. आपल्या ताटाची नीट काळजी घेणाऱ्यासाठी एकही भला शब्द आम्हांला आठवत नाही. भरवणे, वाढणे, आग्रह करणे, पान मांडणे, घास घालणे या साऱ्या क्रिया दुसऱ्याकडे जाणाऱ्या आहेत. स्वतःला वाढून घेण्यासाठी आपण 'घेणे' म्हणतो आणि तेही बहुधा दुसऱ्याने 'घ्या ना' म्हटल्यावर. म्हणून ज्याच्या घरात दुसरे माणूस नाही त्याला स्वयंपाकाचे कारण उरत नाही. पोपट आला की कारण परत येते. बाजारात जाणे होते, मेथीची जुडी हुंगून घेतली जाते, विळी निघते. पक्षी त्या माणसाला अर्धा स्वयंपाक परत देतो. उरलेला अर्धा स्वतः माणसानेच घ्यायचा असतो आणि तो घेतला जात नाही.

पोपटाला भरवण्याविषयी विचार करताना आम्हांला पुन्हा पुन्हा बाणभट्ट आठवतो. सातव्या शतकातल्या त्याच्या 'कादंबरी'वरून मराठीने गद्यकथेच्या एका प्रकाराला नाव दिले. वर्गात हे आपण नेहमी सांगतो. पण त्या ग्रंथाची बहुतेक गोष्ट एका पोपटाने सांगितलेली आहे आणि गोष्ट सुरू होण्यापूर्वी त्याला 'जेवलास का?' असे विचारले गेले आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. चांडाळकन्येने आणलेला वैशंपायन नावाचा तो पोपट शूद्रक राजाच्या अंतःपुरात पाठवला जातो. दुपारी राजा त्याला बोलावतो आणि आत काही मनाजोगे खायला मिळाले का, अशी चौकशी करतो. पोपट सांगतो की जांभळाचा रस प्यायलो, डाळिंबाचे दाणे खाल्ले, आवळे खाल्ले. आणि फार काय सांगू, राण्यांनी आपल्या हातांनी दिलेले सगळेच अमृत होते. मगच राजा त्याला त्याचा वृत्तान्त विचारतो.

त्या वृत्तान्तात दुसरे एक भरवणे आहे आणि ते पहिल्यापेक्षा फार वेगळे आहे. विंध्याटवीतल्या जुन्या सावरीच्या ढोलीत हा पोपट जन्मतो. आई बाळंतवेणांतच मरते. बाप म्हातारा आहे, पंखांची पिसे झडलेली, दूर उडण्याची ताकद नाही. तो इतरांच्या घरट्यांतून पडलेले भाताचे दाणे आणि झाडाच्या बुंध्याशी सांडलेले फळांचे तुकडे चोचीने गोळा करतो, पिलाला भरवतो आणि पिलाच्या खाण्यातून जे उरेल ते रोज स्वतः खातो. पुढे शबरांची टोळी येते. एक म्हातारा शबर झाडावर चढून पोपटांना मारतो. बाप पिलाला पंखांखाली झाकून घेतो आणि मारला जातो.

आत्या इस्पितळात असताना आम्ही हा भाग पुन्हा वाचला. पिलाचे उष्टे खाणारा तो म्हातारा पोपट आणि खालच्या कप्प्यातला पाव खाणारी आत्या यांच्यात आम्हांला प्रथम साम्यच दिसले. पण साम्याबरोबर फरकही दिसू लागला. त्या ढोलीत अन्न तेवढेच होते. बाप खाली उतरला तरी त्याला सांडलेलेच मिळणार होते. त्याच्या त्यागाला पर्याय नव्हता. आत्याच्या फ्रीजमध्ये दोघांना पुरेल इतके होते. ज्याला पर्याय नाही त्याचा त्याग आणि ज्याला पर्याय आहे त्याची सवय, या दोन गोष्टींना आपण एकच नाव देतो आणि दोन्हींपुढे सारख्याच भक्तीने हात जोडतो.

आणि दुसरा फरक पिंजऱ्याचा. अंतःपुरात डाळिंबाचे दाणे खाणारा पोपट बंदिवासात आहे आणि सावरीच्या ढोलीत पडके दाणे खाणारे पिलू मोकळे आहे. पक्ष्याला ताजे खाऊ घालण्याविषयी बोलताना ही गोष्ट सोडून पुढे जाता येणार नाही. रानातला पोपट आपले अन्न आपण शोधतो, निवडतो, अर्धे खाऊन अर्धे टाकतो आणि त्या टाकण्यातून झाडे पेरतो. पिंजऱ्यातला पोपट वाटीत पडेल ते खातो. त्याची निवड आपण काढून घेतली म्हणून त्याच्या आहाराची जबाबदारी आपल्यावर आली. आत्याचे ताजे डाळिंब हा प्रेमाचा भाग होताच; पण ते एका कर्जाचे व्याजही होते आणि ते कर्ज तिने एकटीने काढलेले नव्हते. आफ्रिकेतल्या रानांतून हे पक्षी इतके धरले गेले की घानामध्ये १९९२ पासूनच्या सुमारे दोन दशकांत त्यांची संख्या ९० ते ९९ टक्के घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत ही जात सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात गेली. आत्याच्या राघूला फार तर कोणाच्या पिंजऱ्यातच अंड्यातून बाहेर येणे माहीत असेल, पण त्याच्या कोणत्या तरी पिढीला जाळ्यात धरलेले आहे. आपल्या देशी पोपटांबाबत तर प्रश्नच नाही: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना संरक्षण आहे आणि त्यांना घरी पाळणे हा गुन्हा आहे, मग पिंजरा कितीही ऐसपैस असो आणि पेरू कितीही गोड.

आमच्या लहानपणी हे कोणी मनावर घेत नसे. आजोळच्या पडवीत वाशाला पिंजरा टांगलेला होता. त्यातल्या राघूला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि पेरूची फोड मिळे. बाकी सगळ्यांचे उरलेले. राघू आणि मिरची-पेरू यांची जोडी आपल्याला अनादी वाटते. वास्तविक ही दोन्ही झाडे अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेली.  बाणाच्या पोपटाला ती मिळणे शक्यच नव्हते. मिरची मात्र राघू खुशाल खातो, कारण तिच्यातला तिखटपणा पक्ष्यांना लागतच नाही. आम्हां मुलांना तो पराक्रम वाटे. त्या घरात राघू आणि आजी दोघेही उरलेले खात. आत्याच्या घरात राघूची बढती झाली आणि ती मागे राहिली. प्रगती झाली खरी, पण अर्धीच.

पक्ष्याला स्वतःचे मत असते, हे आपल्याला उशिरा कळले. 'पोपटपंची' हा शब्द आपण विद्यार्थ्यांसाठी वापरतो तेव्हा पोपटावर अन्यायच करतो. शिकागोच्या एका दुकानातून १९७७ साली घेतलेल्या अॅलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटावर आयरीन पेपरबर्ग यांनी २००७ साली तो मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे संशोधन केले. तो केळे मागे आणि कोणी शेंगदाणा किंवा दुसरे काही दिले तर ते भिरकावून पुन्हा केळे मागे. सफरचंदाला त्याने स्वतःच एक शब्द तयार केला होता: 'बनेरी', बनाना आणि चेरी या त्याला येणाऱ्या दोन शब्दांचा तो जोड असावा असे मानले जाते. खाण्याविषयी त्याला 'हे नको, ते हवे' म्हणता येत होते. आमच्या आत्याला चाळीस वर्षे शिकवूनही ते म्हणता आले नाही. शिक्षक म्हणून हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो.

रवींद्रनाथांची 'तोताकाहिनी' ही १९१८ सालची छोटी कथा आमच्या वाचकांना परिचित असेलच. राजाची पक्ष्याविरुद्धची एक तक्रार अशी असते की हा रानातली फळे खाऊन बाजाराचे नुकसान करतो. मग त्याच्या शिक्षणासाठी सोन्याचा पिंजरा घडतो, पंडित येतात, पोथ्यांचे ढीग लागतात, सगळ्यांचे संसार भरभराटीला येतात. पिंजऱ्यात तेवढे दाणा-पाणी नसते, पोथ्यांची पाने चोचीत कोंबली जातात आणि पक्षी मरतो. आपण ती कथा शिक्षणपद्धतीवरची टीका म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण पिंजऱ्याभोवतीच्या सगळ्यांची काळजी घेतली जाते आणि ज्याच्या नावाने हे चालले आहे तोच उपाशी राहतो, ही त्या कथेची रचना उलटीही होऊ शकते, हे आम्हांला आत्याच्या घरात समजले. पिंजऱ्यातला नीट जेवत होता. उपाशी होती ती पिंजऱ्याबाहेरची.

हे असेच चालू द्यायला काय हरकत आहे, असे कोणी विचारील. आपल्या आनंदाने कोणी शिळे खात असेल तर आपण कोण? आमचे उत्तर राघूच्या बाजूनेच आहे. आफ्रिकन ग्रे चाळीस ते साठ वर्षे जगू शकतो. मोठे मकाव त्याहूनही अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. पन्नाशीत असा पक्षी घरी आणणारा माणूस जवळजवळ निश्चितपणे त्याच्या आधी जाणार. तोवरच्या काळात त्या पक्ष्याला रोजची वाटी हवी, तशी ती भरणारा हातही हवा. आत्या पडली त्या दिवसापासून राघूने खाणे कमी केले. वाटीत तीच मेथी, तेच डाळिंब होते. आम्ही तिच्या वहीत पाहून तसेच चिरत होतो. चौथ्या दिवसापासून त्याने छातीची पिसे उपटायला सुरुवात केली. पक्षिवैद्यांनी तपासून आजार नसल्याचे सांगितले. तो तिची वाट पाहत होता. अठरा दिवसांनी आत्या आमच्या घरी आली, त्याच्या पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून बसली, तेव्हा त्याने पहिल्यांदा पूर्ण वाटी संपवली. ज्याच्यासाठी तिने आपले ताट आवरते घेतले होते त्याचेच त्यामुळे नुकसान झाले. आम्ही हे तिला सांगितले तेव्हा मात्र तिला पटले. स्वतःसाठी खा, हे आम्ही अनेकदा सांगून झाले होते; राघूसाठी खा, हे तिने ऐकले.

यातली विसंगती आमच्या लक्षात आहे. शेवटी तिला जेवायला लावले तेही दुसऱ्याच्या नावाने. आपलपोटेपणाची भीती तिच्या मनातून गेली नाही. आम्ही त्या भीतीला वळसा घातला. तिच्या वयाला तेवढेच शक्य होते. तिच्यानंतरच्या पिढ्यांनी, म्हणजे आम्ही आणि आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींनी, एवढ्यावर समाधान मानू नये असे आम्हांला वाटते. आपले शरीर हेही आपल्याकडे सोपवलेले एक जीवित आहे, त्यालाही कालचे चालत नाही, असे म्हणता यायला हवे आणि ते म्हणताना आवाज खाली जाऊ नये.

तोवर व्यवहाराची एक साधी सुधारणा आम्ही सुचवतो आणि ती जुन्या गृहस्थधर्माला सोडून नाही. भांडे एक करावे. पक्ष्याच्या वाटीतले जवळजवळ सगळेच माणसाच्या ताटात चालते: मोडाचे मूग, गाजर, भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला, रताळे. त्याचा वाटा मीठ-तेलाशिवाय आधी काढून ठेवावा आणि उरलेल्याला फोडणी द्यावी. पहिला घास पक्ष्याचा, शेष आपला, पण दोन्ही एकाच दिवसाचे आणि एकाच विळीखालचे. आत्याने शेवटची दोन वर्षे असेच केले. त्यासाठी वेगळा बाजार करावा लागला नाही. नेहमीच्या भाजीवाल्याकडे तिने फक्त दोन जुड्या मागायला सुरुवात केली. तो एकदा म्हणाला, "आजी, पोपट मोठा झाला वाटतं." तिने हो म्हटले.

२०२२ च्या पावसाळ्यात आत्या गेली. राघू आमच्याकडे आहे. २०२४ च्या नियमांनुसार त्याची रीतसर नोंदणी आम्ही केली आहे. त्याच्यानंतर आमच्या घरात दुसरा पिंजरा येणार नाही, एवढे ठरलेले आहे. सकाळी तासिकेला निघण्यापूर्वी आम्ही त्याच्यासाठी चिरतो. परीक्षांच्या दिवसांत, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले की, आमचे स्वतःचे जेवण पुन्हा पाव आणि चहावर येते, हेही कबूल केले पाहिजे. अशा एका रात्री आम्ही उभ्यानेच काहीतरी खात असताना पिंजऱ्यातून आत्याच्या आवाजात प्रश्न आला, "जेवलास का?" ती तो प्रश्न त्याला सोळा वर्षे रोज विचारत असे. तिला तो कोणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. आम्ही दिवा लावला, खुर्च्या ओढल्या आणि राघूसाठी काढून ठेवलेल्या मेथीतली अर्धी जुडी कढईत टाकली.